रविवारीच बंद पडणारी गाडी

आमच्या गाडीला एसयूव्ही म्हणायचं, असा नवऱ्याचा आग्रह आहे. सासरे तिला नुसतं गाडी म्हणतात. मी तिला काय म्हणते, ते त्या दिवशी ती कुठे बंद पडली यावर अवलंबून असतं. डिझेलची, उंच, सात माणसं बसतील अशी गाडी. घेतली तेव्हा सोनिवलीच्या आमच्या सोसायटीत तिच्याएवढी उंच दुसरी नव्हती. आता तिच्या दोन्ही बाजूंना नव्या कोऱ्या गाड्या उभ्या असतात आणि आमची मधोमध, लग्नाच्या फोटोत आत्याबाई उभ्या राहतात तशी, कोणाला न विचारता जागा अडवून.

नवरा अंबरनाथला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. त्यामुळे घरात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू बिघडली की ती उघडायचा हक्क फक्त त्याचा. अर्थिंग हा त्याचा आवडता विषय. लोक कोणाचं नवं घर बघायला जाताना मिठाई नेतात, हा टेस्टर नेतो. घरचे लोक चहा विचारतात, हा मीटरबॉक्स कुठे आहे ते विचारतो. माझ्या मावसबहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या सॉकेटला अर्थिंग नाही, हे त्याने ऐन जेवणात जाहीर केलं होतं. ती बिचारी श्रीखंड काढायला फ्रिज उघडत होती. तिने हात मागे घेतला, आणि त्या दिवशी आम्हाला श्रीखंड काही मिळालं नाही.

त्याची सुट्टी शुक्रवारी असते. मी शाळेत शिकवते, माझी सुट्टी रविवारी. गाडीच्या बाबतीत याचा अर्थ असा होता, की शुक्रवारी तो तिला पार्किंगमध्ये तपासायचा आणि रविवारी मी तिला रस्त्यावर चालवायचे. दोघांनी मिळून तिला पाहिलंय असा प्रसंग कित्येक महिन्यांत आला नव्हता.

रविवार आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी शहाडच्या बाजूला एका कारखान्यात, पेंट शॉपमध्ये झाली. राहणं उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पाजवळच्या वस्तीत. आम्ही इकडे मोठं घर घेतलं, त्यांना स्वतंत्र खोली दिली, बाल्कनीतून डोंगर दिसतो ते कौतुकाने दाखवलं. त्यांनी डोंगर पाहिला, "छान आहे" म्हणाले, आणि रविवारी विहारात कसं जायचं ते विचारलं. विहारात वंदना झाली की त्यांचे जुने सोबती बाहेरच्या कट्ट्यावर बसतात. चहा पितात, पेपर वाचतात आणि कोणाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये डाळ घट्ट मिळायची यावर अजूनही हमरीतुमरीवर येतात. आबा सोमवारपासून त्या भांडणाचे मुद्दे जमवत असतात. गुडघ्यांमुळे त्यांना शेअर रिक्षात दाटीवाटीने बसता येत नाही, आणि स्टेशनच्या जिन्याचं तर नावच काढायला नको. गाडी असेल तर रविवार, नसेल तर बाल्कनी आणि डोंगर. हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

पहिल्यांदा ती बंद पडली ती अंबरनाथच्या उड्डाणपुलावर, ऐन चढणीला. ऊन मी म्हणत होतं, एसी चालू होता, आबांची गाणी लागलेली होती. मी गिअर बदलला आणि एकदम सगळंच गेलं. इंजिन गेलं, एसी गेला, गाणं अर्ध्यात तुटलं, डॅशबोर्डवरचे काटे पटापट खाली आले. मागच्यांना कळावं म्हणून चारही इंडिकेटर लावायला गेले तर तेही लागेनात. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, "मॅडम, पहिला गिअर डावीकडे वरती असतो हां." त्याला द्यायचं उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. फार चांगलं उत्तर होतं.

आबा मात्र शांत. "थांब जरा. दम खातेय ती," म्हणाले. आणि खरंच, मिनिटभरात डॅशबोर्ड आपोआप उजळला. मी सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू झालं.

शुक्रवारी शाळेतून घरी आले तेव्हा नवरा हात पुसत उभा होता. "सगळं चेक केलं. बॅटरी ओके, चार्जिंग ओके. माझ्यासमोर तर एकदाही बंद पडली नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तू क्लच जरा हळू सोडत जा."

"क्लच सोडला की डॅशबोर्डचे दिवे जातात?"

"तसं नाही गं. पण..."

तो 'पण' आमच्या घरात रविवारपर्यंत मुक्कामाला होता.

त्या रविवारी गाडीने माझी बाजू घेतली आणि तीन नंबर कॅम्पात, जीन्सचे गठ्ठे भरलेल्या हातगाड्यांच्या गर्दीत, थेट एका बॅटरीच्या दुकानासमोरच मान टाकली. दुकानदार सिंधी, वयस्कर, गल्ल्यावरून न उठता गाडीचं दुखणं ओळखणारा. तरी आबांचं वय बघून तो उठला. बॉनेट उघडलं आणि त्याच्या तोंडून आधी कौतुकच बाहेर पडलं. "वाह साईं, क्या मेंटेन किया है!"

आबा एकदम ताठ झाले. कारण इंजिन जरी धुळीने काळवंडलेलं असलं तरी शेजारी बॅटरीचा ट्रे आणि भोवतालचा पत्रा निळाशार चमकत होता. तो आबांचा हात. दरवर्षी जयंतीच्या आधी विहाराचं रेलिंग तेच रंगवतात, दुसऱ्या कोणाला ब्रश लावू देत नाहीत. डब्यात उरलेला निळा रंग घरी येतो. मग जिथे गंज दिसेल तिथे तो लागतो. आमच्या खिडक्यांच्या जाळ्या निळ्या आहेत, मीटरबॉक्सचं दार निळं आहे, आणि सोसायटीच्या वॉचमनची लोखंडी खुर्चीही निळी आहे, तीही त्याला ती रंगवून हवी होती की नाही हे न विचारता. गाडीचं बॉनेट उघडून आतला पत्राही दरवर्षी त्याच डब्यातून. आणि काम कसं, तर कारखान्यातल्यासारखं. मीटरबॉक्सचं दार रंगवताना त्यांनी बिजागऱ्यांचा प्रत्येक स्क्रू काढून वाटीत ठेवला होता. स्क्रूवरून ब्रश फिरवणाऱ्या माणसाला ते रंगारी मानत नाहीत.

दुकानदाराने बॅटरीला मीटर लावला, खेदाने मान हलवली आणि नवी बसवली. "अब दो साल इसको देखना भी मत," म्हणाला. त्याचं म्हणणं खरंच निघालं. पुढच्या रविवारी पुलावर सगळं गेलं तेव्हा बॅटरीकडे बघायची गरजच नव्हती, ती ठणठणीत होती.

त्यानंतर गाडीच्या अंगात काहीतरी शिरलं. डावा इंडिकेटर दिला की वायपर अर्धा उठायचा आणि परत बसायचा, उत्तर येत नसताना हात वर करणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलासारखा. हॉर्न वाजवला की डॅशबोर्ड मंद व्हायचा. ब्रेक दाबला की गाणं चोरट्या आवाजात लागायचं. नवरा दर शुक्रवारी काहीतरी बदलायचा. एकदा रिले, एकदा चावीचा स्विच, एकदा फ्यूजचा अख्खा डबा. शाळेत मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर त्याचा एक शब्द यायचा, "सापडलं." रविवारी दुपारी माझा जायचा, "पुलावर." आमच्या संसारात तेव्हा दुसरा पत्रव्यवहार नव्हता.

आबा पूर्णपणे गाडीच्या बाजूने. परत येताना लिफ्टमध्ये हळूच म्हणायचे, "घरी सांगायलाच पाहिजे असं काही नाही. दोनच मिनिटं तर थांबली." मी सांगायचे. मग ते माझ्याशी चहा होईपर्यंत अबोला धरायचे.

पण एका रविवारी पुलाच्या उतारावर ती गेली आणि मागे पाण्याचा टँकर होता. टँकरवाल्याने करकचून ब्रेक मारला. आरशात मला आकाश दिसेना, नुसता टँकर दिसत होता. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि गाडी परत सुरू होईपर्यंत तो काढला नाही. त्या दिवशी लिफ्टमध्ये ते काही म्हणाले नाहीत.

नवऱ्याने ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला. "बास. या गाडीत आता आबांना घेऊन बसायचं नाही. काढून टाकू." त्याने लगेच जुन्या गाड्यांच्या एका दलालाला फोन लावला. तो शनिवारी येऊन गाडी बघणार, पसंत पडली तर घेऊन जाणार.

"आणि नवी?" मी विचारलं.

"बघू सावकाश."

घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाचं सावकाश म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आबा सोफ्यावर बातम्या बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते पार्किंगमध्ये, बॉनेट उघडं, शेजारी निळा डबा आणि बोल्टांची वाटी. गुडघे दुखत असताना स्टुलावर बसून ते आतला पत्रा रंगवत होते. दलाल बघायला येणार तर नीटनेटकी दिसावी म्हणून असेल, असं मी समजले. वर जाऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन आले.

शुक्रवारी आमच्या शाळेत कुठल्याशा परीक्षेचं केंद्र आलं आणि आम्हाला सुट्टी मिळाली. नवरा खाली गाडीपाशी होता. दलालाला दोष काय आहे ते प्रामाणिकपणे सांगता यावं म्हणून शेवटचं तपासतोय, असं त्याचं म्हणणं. मला ते खरं वाटलं नाही. हार मानायला तो तयार नव्हता, एवढंच. मी खाली गेले तर इंजिन चालू, हा मीटर लावून डोळे बारीक करून उभा.

"एसी का नाही लावलास?" आबा आसपास नसले की मी त्याला अरे-तुरे करते.

"उभ्या गाडीत एसी कशाला? डिझेल जातं."

"हेडलाइट?"

"दिवसा?"

तेव्हा मला कळलं की इतके शुक्रवार याने गाडी नुसती घरघरत ठेवून तपासली होती. आजारी माणसाला झोपवून ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, लंगडत नाही. मी त्याला बाजूला केलं, आत बसले आणि रविवारी जे जे चालू असतं ते सगळं लावलं. एसी लावला, पंखा पूर्ण, गाणी, वर हेडलाइट, वायपर, चारही इंडिकेटर. हेडलाइट पिवळे पडले, वायपर मध्येच थबकला, डॅशबोर्ड काळाठिक्कर झाला आणि इंजिन गचकन थांबलं.

"पडली!" नवरा ओरडला. "बंद पडली! माझ्यासमोर बंद पडली!" शेजारच्या विंगमधल्या दोन बायका बाल्कनीत आल्या. गाडी बंद पडल्यावर एवढा आनंद झालेला माणूस त्यांनी पाहिला नसावा.

मग तो कामाला लागला. मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला. दिवे मेलेले, पण बॅटरी पूर्ण भरलेली दाखवत होती. त्याने प्लसची वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत नेली. ती चांगली. परत येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"प्लस चांगला आहे, मग मायनस कुठून येतो?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"बॉडीतून. बॅटरीच्या मायनसवरून ही वायर बॉडीच्या पत्र्याला..." एवढं बोलून तो थांबला. मीटरचं एक टोक त्याने बॅटरीच्या मायनसवर ठेवलं आणि दुसरं दरवाजाच्या उघड्या लोखंडावर. तिथे काहीच दाखवायला नको होतं. मीटर चांगले व्होल्ट दाखवत होता.

"अर्थिंग," तो म्हणाला. इतक्या बारीक आवाजात त्याने हा शब्द लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारला. मी श्रीखंडाची आठवण काढणार होते, पण त्याच्याकडे बघून राहू दिलं.

ती वायर बॅटरीशेजारी एका बोल्टने पत्र्याला आवळलेली होती. सगळ्या गाडीत ती जागा सर्वांत नवी, सर्वांत स्वच्छ. दुकानदाराने तिचं कौतुक केलं होतं, नवऱ्याने इतके शुक्रवार तिच्यावरून नजर फिरवली होती. जे इतकं नीट ठेवलंय त्यात काय बिघडणार, असंच कोणालाही वाटलं असतं. त्याने बोल्ट सोडवला. खाली गुळगुळीत निळा रंग. नखाने खरवडला तर त्याखाली आणखी निळा, त्याखाली प्राइमर. वायरचं टोक त्या रंगावर बसलेलं, लोखंडाला त्याचा स्पर्शच नाही. दुसऱ्या कोणी बोल्टवरूनच ब्रश फिरवला असता, तर आतलं लोखंड उघडं राहून गाडी धावत राहिली असती. आबांनी दरवर्षी बोल्ट काढून, पॉलिश पेपर मारून, रंग वाळू देऊन मगच परत लावला होता. बोल्टाच्या आट्यांतून जेवढी वीज झिरपेल तेवढ्यावर ती म्हातारी पूल चढत होती. आणि चार दिवसांपूर्वीच्या ताज्या हातानंतर तेवढंही जमेना, म्हणून ती अखेर नवऱ्यासमोर बंद पडली.

आम्ही दोघांनी एकदमच वर बघितलं. आबा चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली बघत होते.

"सांगायचं नाही," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? नाहीच सांगणार," तो म्हणाला आणि भराभर पॉलिश पेपर घासायला लागला.

आबा लिफ्टने खाली येईपर्यंत निळ्या पत्र्यावर रुपयाएवढं चकचकीत लोखंड उघडं पडलं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून पाहिलं. "रंग का खरवडला रे?"

"गंज आला होता, आबा. आतून."

त्यांनी मुलाकडे असं बघितलं की मी घाबरले. "माझ्या रंगाखाली? गंज?" आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "जन्म गेला पेंट शॉपमध्ये. माझ्या हातचा एक पीस कधी परत आला नाही. आणि माझ्या रंगाखाली गंज आला?" ते पत्र्यावरून बोट फिरवत राहिले. आम्ही त्यांना वाचवायला गेलो आणि नेमकं त्यांच्या वर्मावर बोट ठेवलं. मला अतिशय लाज वाटली.

"अहो, खरं सांगा त्यांना," मी म्हणाले.

नवऱ्याने पॉलिश पेपरची घडी केली, उलगडली, परत केली. "गंज नाही, आबा. गंजाचा ठिपकाही नाही. रंग फार चांगला बसलाय. इतका, की वीज जायला जागा राहिली नाही. त्यामुळे..."

आबांना वाक्य पुरं करून सांगावं लागलं नाही. ते उघड्या लोखंडाकडे बघत होते. "म्हणजे गाडी मीच बंद पाडत होतो."

मी विचारलं, "पण आबा, सोमवारी परत रंग कशाला लावलात? उद्या तर ती जाणारच होती."

"जायला नव्हता लावला." ते माझ्याकडे बघत नव्हते, मुलाकडेही नाही. "नवी दिसली तर याचा विचार बदलेल, वाटलं. दरवर्षी त्यासाठीच लावतो की. म्हातारी दिसायला लागली की तुम्ही काढून टाकाल. मग मी कुठं जाणार?"

नवऱ्याने खिशातून फोन काढला. दलालाला म्हणाला, उद्या येऊ नका, गाडी द्यायची नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, कधीच नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग बोल्ट आणि पाना आबांच्या हातात दिला. आबांनी वायरचं टोक उघड्या लोखंडावर बसवलं, बोल्ट लावला आणि आवळता आवळता, मान वर न करता, रविवारी किती वाजता निघायचं ते मला विचारलं.

"नेहमीच्या वेळेला," मी म्हणाले, आणि गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून घाईने लिफ्टकडे गेले. गॅसवर काही नव्हतं, पण त्या दोघांसमोर मला रडायचं नव्हतं.